डान्स म्युझिक करताना स्केल आणि कॉर्ड: आधी पट्टी, मग थाट, कॉर्ड सगळ्यात शेवटी

तीव्रमध्यम

'स्केल' या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो, म्हणून आधी तो निस्तरतो. आपल्याकडे गाणाऱ्याला 'तुमची स्केल काय?' विचारलं की उत्तर येतं 'काळी पाच'. ती पट्टी झाली, म्हणजे सा कुठे धरला ते. सॉफ्टवेअरमध्ये जे 'ए मायनर' दिसतं त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: ए ही पट्टी (पेटीवरची पांढरी सहा) आणि मायनर हा थाट. डान्स म्युझिकमध्ये हे दोन निर्णय वेगवेगळ्या कारणांनी घ्यायचे असतात. ते एकत्र घेतले की पुढे मिक्समध्ये रडारड.

पट्टी ठरवतो बेस. क्लबच्या सब (सगळ्यात खालच्या सुरांच्या) स्पीकरचा खरा जोर साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये असतो, ३५ च्या खाली तो झपाट्याने ओसरतो. आता सूर बघा (अक्षरानंतरचा आकडा सप्तकाचा): डी१ ३६.७ हर्ट्झ, ई१ ४१.२, एफ१ ४३.७, एफ शार्प १ ४६.२, जी१ ४९, ए१ ५५. सी मायनर धरलात तर खालचा सी ३२.७ वर बसतो आणि वरचा ६५.४ वर. एक ऐकू येत नाही, दुसरा छातीत बसत नाही. टेक्नो आणि सायट्रान्समधले इतके ट्रॅक ई, एफ, एफ शार्प, जी यांच्यात का घुटमळतात त्याचं उत्तर हे आहे, त्यात गूढ काही नाही. सी मायनर वर्ज्य नाही, पण मग बेसलाइन ई फ्लॅट, एफ, जी या सुरांवर जास्त वेळ नांदेल अशी लिहावी लागते.

थाट ठरवतो रंग. ज्यांना पेटी येते त्यांच्यासाठी: आसावरी थाटाचे सूर म्हणजे नॅचरल मायनर, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन. (रागांशी याचा संबंध नाही, फक्त सुरांचं साम्य आहे. शुद्धतावाद्यांनी दगड खाली ठेवावेत.) ए ला सा मानलं तर आसावरीतून काफीत जाताना एकच सूर बदलतो, एफ चा एफ शार्प होतो. पण त्या एका सुराने डी मायनरच्या जागी डी मेजर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) हाती येतो. ए मायनर आणि डी मेजर असे दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजवले की हाउसचा तो ओळखीचा झोका तयार. आसावरीतून भैरवीत गेलात तर बी चा बी फ्लॅट होतो, आणि ए मायनरला अगदी चिकटून बी फ्लॅट मेजर येतो. अंधाऱ्या टेक्नोचा बराचसा मामला याच एका अर्ध्या सुरावर चालतो.

कॉर्ड शेवटी. नेहमीचं उदाहरण घेतो: ए मायनर, एफ, सी, जी. पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये सूर मांडायच्या चौकटीत) चारही कॉर्ड मूळ सुरापासून रचले तर सगळा हात वरखाली उड्या मारतो आणि पॅड (मागचा लांब, भरीव आवाज) तुटक वाटतं. त्याऐवजी असं रचा:

ए–सी–ई
ए–सी–एफ
जी–सी–ई
जी–बी–डी

पहिल्या बदलात एकच सूर हलतो, तोही सेमीटोनने (अर्ध्या सुराने). पुढच्या दोन्ही बदलांत दोन-दोन सूर, एकेका पायरीने. मूळ सूर बेसला द्या: ए१, एफ१, सी२, जी१. पॅडने जागा सोडायची नाही, चालायचं बेसने.

संपादन: सप्तकांच्या आकड्यांबद्दल खाली लो_कट यांचा प्रतिसाद आधी वाचा, मग माझे सूर टाइप करा.

लो_कट

धागा चांगला आहे, पण 'एफ१' वाचून लोक थेट एफ१ टाइप करतील आणि फसतील. सप्तकांचे क्रमांक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे आहेत. मधला सी, म्हणजे मिडी क्रमांक (सॉफ्टवेअर प्रत्येक सुराला देतं तो आकडा) ६०, २६१.६ हर्ट्झ, याला पुस्तकी पद्धतीत सी४ म्हणतात. एबलटन लाइव्हमध्ये तोच सी३ आहे आणि एफएल स्टुडिओमध्ये सी५. म्हणजे धाग्यातला ४३.७ हर्ट्झचा एफ१ हा मिडी २९. एबलटनमध्ये तो एफ० दिसेल, एफएलमध्ये एफ२. व्हिडिओ एका सॉफ्टवेअरचा आणि काम दुसऱ्यात, असं असेल तर बेस हमखास एक-दोन सप्तकं चुकतो. म्हणून लिहून ठेवायचे ते मिडी क्रमांक: ई २८, एफ २९, एफ शार्प ३०, जी ३१, ए ३३.

याच्याही वर एक खोच आहे. बेसच्या कित्येक प्रीसेटमध्ये (तयार आवाजांमध्ये) ऑसिलेटर (लाट निर्माण करणारा भाग) आधीच एक किंवा दोन सप्तकं खाली सरकवलेला असतो. पियानो रोल एक सांगतो, स्पीकर दुसरंच वाजवतो. बेसच्या ट्रॅकवर स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे ते दाखवणारं साधन) टाका आणि सगळ्यात डावीकडचं शिखर कुठे येतं ते वाचा. भरवसा त्यावरच.

साईडचेन

कॉर्ड बरोबर असूनही ड्रॉप (किक ड्रम आणि बेस पूर्ण जोराने परततात तो भाग) गढूळ होतो, ही तक्रार वारंवार येते. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं आणि सगळ्यात मोठं: तिसरा सूर (ए मायनरमध्ये सी; पाचवा ई, सातवा जी) फार खाली. ए आणि सी यांच्यातलं अंतर मध्य सप्तकात गोड लागतं, १०० हर्ट्झच्या आसपास तेच घरघरतं, कारण दोन्ही सुरांचे हार्मोनिक (सुरासोबत वाजणारे वरचे उपसूर) एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांचे ठोके ऐकू येऊ लागतात. साधारण १३० हर्ट्झच्या खाली (मिडी ४८ च्या खाली) एकच सूर, फार तर त्याचं सप्तक. पाचवा चालतो, तिसरा नाही. शिवाय बेस मूळ सूर वाजवतच असतो, मग पॅडमधून तो काढून टाका. पाचवाही काढलात तरी फारसं बिघडत नाही. कॉर्डची ओळख तिसऱ्या आणि सातव्या सुरात असते. पॅडवर हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) १२० ते १८० हर्ट्झच्या दरम्यान.

दुसरं, सुपरसॉ. १९९६ च्या रोलँड जेपी-८००० पासून हा आवाज एका सुराला सात सॉ लाटा, थोड्या-थोड्या बेसूर, असा बनतो. चार सुरांचा कॉर्ड म्हणजे २८ लाटा. त्यात मायनर नाइन्थ घेतलात, ए–सी–ई–जी–बी, आणि बी ला सी च्या लगेच खाली बसवलंत, तर एका सेमीटोनच्या अंतरावर दोन थवे एकमेकांत मिसळतात आणि सूर राहतच नाही, नुसती खरखर. बी ला सी च्या वर टाका, म्हणजे दोघांत मेजर सेव्हन्थचं अंतर पडेल. किंवा त्या कॉर्डपुरता डीट्यून (लाटांचं बेसूरपण) कमी करा. हाच कॉर्ड इलेक्ट्रिक पियानोवर जवळ-जवळ रचला तरी छान वाटतो. त्यामुळे पियानोवर ऐकून पसंत केलेली रचना सुपरसॉला तशीच्या तशी देऊ नये.

तिसरं, रिव्हर्ब (घुमारा). १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा. चार सेकंदांची शेपूट ठेवलीत तर पहिला कॉर्ड तिसऱ्या बारपर्यंत रेंगाळतो, म्हणजे एफ आणि सी दोन्ही ए मायनरच्या चिखलात उतरतात. ब्रेकडाउनला (किक थांबलेल्या भागात) ते खपतं, ड्रॉपला शेपूट एका बारच्या आत आणा.

चौथं लोकांच्या लक्षात येत नाही. साईडचेन (किक वाजताच बाकीचा आवाज खाली दाबणारी जोडणी) किकवर कॉर्डला दाबतो, आणि कॉर्ड बदलतो तोही नेमका किकवरच. म्हणजे बदलाचा क्षणच दाबला जातो आणि कान म्हणतो, काही बदललंच नाही. उपाय: कॉर्ड अर्धा ठोका आधी बदला, १२८ ला तो २३४ मिलिसेकंद होतो. किंवा कॉर्डचा फक्त वरचा सूर वेगळ्या प्लकवर (छेडल्यासारख्या आखूड आवाजावर) घ्या आणि त्याला साईडचेन लावू नका.

तळघर

तीव्रमध्यम यांच्या मांडणीत डीप हाउस कुठेच बसत नाही, आणि ते मुद्दाम सांगायला हवं. तिथे थाट आधी ठरत नाही. एक मायनर सेव्हन्थ कॉर्ड घ्यायचा, तो अख्खा सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज हव्या त्या सुरावर वाजवणाऱ्या साधनात) टाकायचा आणि एका बोटाने वरखाली वाजवायचा. जुन्या सिंथवर कॉर्ड मेमरी असायची (कॉर्ग पॉलीसिक्स घ्या), तिथून ही सवय आली. ए मायनर सेव्हन्थ एफ वर नेला की एफ मायनर सेव्हन्थ होतो: एफ, ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट. यातले दोन सूर ए मायनरमध्ये नाहीतच! आणि तीच तर मजा आहे. इथे स्केल लॉक चालू ठेवलात तर सॉफ्टवेअर इमानदारीत ते सूर 'सुधारून' एफ मेजर सेव्हन्थ करतं आणि डीप हाउसचं चहापाण्याचं संगीत होतं.

यात खरी अडचण वरच्या धुनेची. कॉर्ड समांतर सरकतात तेव्हा धून कुठल्या सुरांवर टेकवायची? दोन्ही कॉर्डमधला सामाईक सूर शोधा. ए मायनर सेव्हन्थ आणि एफ मायनर सेव्हन्थ यांच्यात फक्त सी. ए वरून डी वर गेलात तर ए आणि सी. ए वरून सी वर गेलात तर सी आणि जी. लांब सूर, गायकाची ओळ, सगळं या सामाईक सुरांवर लटकवा, बाकीचे सूर येता-जाता.

सॅम्पलरचं आणखी एक: कॉर्ड पाच सेमीटोन वर नेला की तो १.३३५ पट वेगाने वाजतो, म्हणजे लांबी ७५ टक्क्यांवर येते आणि फिल्टरची हालचालही तेवढीच घाईत होते. चार-पाच सेमीटोनपर्यंत हे चवीला बरं. त्यापुढे नवा सॅम्पल रेंडर करा.

तीव्रमध्यम

@तळघर, मान्य. 'कॉर्ड शेवटी' हे वाक्य डीप हाउसला लागू नाही. पण पट्टी तिथेही बेसच ठरवतो की. कॉर्ड ए वरून एफ वर गेला तर बेसला ५५ वरून ४३.७ ला उतरावं लागतं, आणि दोन्ही सूर सबमध्ये सारख्याच जोराने वाजतील असं नाही. सेव्हन्थ कॉर्ड सरकवण्याआधी नुसता बेस चार बार एकट्याने ऐका. एखादा सूर गायब वाटला तर तिथे सप्तक बदला किंवा सबवर थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे त्याचे वरचे हार्मोनिक तरी कळतील.

अंजुना_१४५

गोवा ट्रान्स आणि सायट्रान्समध्ये कॉर्ड का नसतात, असं विचारलं जातं. असतात, पण बेस हलत नाही. गणित बघा. १४५ बीपीएमला बारचा सोळावा भाग १०३ मिलिसेकंदांचा. पहिल्या सोळाव्यावर किक, पुढच्या तिन्हींवर बेस. म्हणजे किकची शेपूट १०० मिलिसेकंदांत संपायला हवी, नाहीतर ती पहिल्या बेसच्या सुरावर चढते. ४३.७ हर्ट्झच्या एफ ची एक लाट २२.९ मिलिसेकंदांची, म्हणजे किकला जेमतेम साडेचार लाटा मिळतात. किकची शेपूट आणि बेसची सुरुवात यांचा फेज (लाटांच्या चढ-उताराची वेळ) त्या एका सुरासाठी जुळवलेला असतो. बेस एफ वरून डी फ्लॅटवर नेला की लाटेची लांबी बदलते, जुळणी मोडते आणि किक एका बारपुरती पोकळ होते. म्हणून आठ-आठ मिनिटं एकाच सुरावर ठाण.

मग रंग कुठून आणायचा? वरच्या सुरांतून. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी हा संच या शैलीत फार चालतो. इंग्रजीत त्याला फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात, आपल्याकडे हे बसंत मुखारीचे सूर, कर्नाटकात वकुलाभरणम्. एफ ला सा धरलं तर: एफ, जी फ्लॅट, ए, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट. यात जी फ्लॅट आणि ए मधलं तीन सेमीटोनांचं अंतर हेच दुकान आहे. आरपेजिओ (एकामागून एक वाजणारे कॉर्डचे सूर) त्या उडीभोवती फिरवा.

पॅडला मात्र ग देऊ नका. शुद्ध ग लीडमध्ये (मुख्य धुनेच्या आवाजात) आहे, पॅड नुसतं सा-प किंवा सा-म-प ठेवा. लीडमध्ये मध्येच कोमल ग घ्यायचा झाला तर मग टक्कर होत नाही. कॉर्ड हवाच असेल तर सोळा बारच्या शेवटच्या एका बारमध्ये जी फ्लॅट मेजर, बेस बंद, फक्त पॅड. पुढच्या बारला एफ वर किकसकट परत.

कोमल_रे

बसंत मुखारीचा विषय निघालाच आहे तर राग आणि कॉर्ड यांचं भांडण कुठे होतं ते लिहितो. रागातले सूर मायनर स्केलमध्ये 'बसले' म्हणून त्या स्केलचे सगळे कॉर्ड चालतात असं नाही.

मालकंस घ्या. ए ला सा धरून: ए, सी, डी, एफ, जी. पंचम वर्ज्य, म्हणजे ई नाही. मग घराचाच कॉर्ड, ए मायनर, लावता येत नाही, कारण त्यात ई आहे! या पाच सुरांत पुरे होणारे त्रिसूर कॉर्ड दोनच: एफ मेजर आणि डी मायनर. आणि इथेच पुढचा खड्डा. हे पाच सूर म्हणजेच डी ची मायनर पेंटाटॉनिक. कॉर्ड डी मायनर आणि बेसही डी वर गेला की कान डी ला सा मानतो आणि मालकंसाचा सरळ धानी होतो. लीडचा एक सूर न बदलता राग बदलतो. त्यामुळे बेस ए वर गाडून ठेवा, वर डी मायनर आणि एफ येऊ-जाऊ द्या. त्याहून बरं म्हणजे ए–डी–जी, सा-म-नी. चौथ्या-चौथ्या सुरांचा हा ढीग टेक्नोच्या स्टॅबला (आखूड, तुटक कॉर्डला) फार शोभतो, आणि मालकंसाला तानपुराही मध्यमातच लावतात, त्यामुळे कानाला परका वाटत नाही.

दुसरी गोष्ट आंदोलनाची, म्हणजे सूर हळू झुलवण्याची. भैरवाचा कोमल रे स्थिर ठेवला तर तो नुसता फ्रिजियनचा दुसरा सूर राहतो. पिच बेंडची व्याप्ती दोन सेमीटोन ठेवा, लांब रे वर हाताने हळू वक्र काढा, ३० सेंटच्या (एका सेमीटोनचे १०० सेंट) आसपास सुरुवात करून कानाने ठरवा. नुसता एलएफओ (सूर आपोआप ठरावीक वेगाने हलवणारा भाग) लावलात तर व्हायब्रॅटो ऐकू येतो, आंदोलन नाही. बेंड फक्त लीडच्या चॅनेलवर जावा. पॅडही त्याच चॅनेलवर असेल तर अख्खा कॉर्ड डुलतो.

हे सगळं नवं नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं वापरून डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले, शिकागोच्या अॅसिड हाउसच्या आधी. तिथेही कॉर्डांची रांग नाही. खाली आधारसूर, वर राग. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाने त्याची दखल घेतली. (अवांतर: आपल्याकडे कधी घेणार?)

रात्रपाळी

ट्रान्सवाल्यांसाठी एक नेहमीची चूक. ए मायनरमध्ये ब्रेकडाउनचा शेवटचा कॉर्ड जी न ठेवता ई मेजर केला तर ड्रॉपकडे ओढ कितीतरी वाढते, कारण ई–जी शार्प–बी मधला जी शार्प, म्हणजे शुद्ध नी, ए कडे धाव घेतो. पण लीड, आरपेजिओ आणि बिल्डअपमधला गायकाचा तुकडा, सगळे जी नॅचरल धरून बसलेले असतात. त्या एका बारमध्ये दोन्ही नी एकदम वाजतात आणि नेमक्या चढाच्या टोकाला ट्रॅक बेसूर होतो. आरपेजिओची क्लिप त्या बारपुरती वेगळी करून जी चा जी शार्प करा. गायकाचा तुकडा बदलता येत नसेल तर ई सस फोर वापरा: ई–ए–बी. ओढ थोडी कमी, भांडण शून्य.

डबलड्रॉप

डीजेच्या बाजूने थोडं. सुरुवातीचे आणि शेवटचे १६ ते ३२ बार कॉर्डविना ठेवा, नाहीतर तुमचा ट्रॅक मिसळायला कोणी हात लावत नाही. कॅमेलॉट चक्रात (कुठल्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात ते दाखवणाऱ्या डीजेंच्या तक्त्यात) ए मायनर म्हणजे ८ए. त्याचे शेजारी ७ए (डी मायनर), ९ए (ई मायनर) आणि ८बी (सी मेजर). फ्रिजियन डॉमिनंटमध्ये मात्र सॉफ्टवेअरचा पट्टी-शोध फसू शकतो. ए वरच्या त्या संचाचे सूर आणि डी च्या हार्मोनिक मायनरचे सूर एकच, त्यामुळे उत्तर ७ए येऊ शकतं. फाइलच्या माहितीत पट्टी स्वतः लिहा. आणि की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर टेम्पोतला सुमारे ६ टक्के बदल म्हणजे एक सेमीटोन, १२८ चा ट्रॅक १३५.६ ला ए मायनर राहत नाही.

मिक्सबस

जुन्या कोळीगीतांचे, लावण्यांचे रिमिक्स करणाऱ्यांनी लो_कट यांचा तक्ता थेट वापरावा का? मूळ गाणं पियानो रोलच्या कुठल्याच सुराला लागत नाही. ए आणि बी फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी लटकतं.

लो_कट

@मिक्सबस, गाण्याला हात लावू नका, सिंथ हलवा. टेप किंवा तबकडीचा वेग आणि पेटीची लावणी, यामुळे जुनं मुद्रण ए = ४४० हर्ट्झ या प्रमाण लावणीला असेलच असं नाही. गाण्यातला एखादा लांब, सरळ सा ट्यूनरला ऐकवा, तो किती सेंट वर आहे ते बघा. समजा ३० सेंट वर आहे. मग सगळ्या सिंथचं मास्टर ट्यून ४४० वरून ४४७.७ करा. किक आणि सबचे सॅम्पल यात आपोआप येत नाहीत, त्यांना सॅम्पलरमध्ये वेगळे +३० सेंट द्यावे लागतात. हे राहिलं तर सब ५५ वर आणि बेसचा सिंथ ५६ वर वाजतो, आणि दर सेकंदाला एक ठोका पडून तळ आत-बाहेर होत राहतो. तक्त्यातले मिडी क्रमांक तेच राहतील, फक्त हर्ट्झ सरकतील. गायक ओळीगणिक चढत-उतरत असेल तर मुखडा आणि अंतरा वेगवेगळे मोजा. आणि कॉर्डमध्ये तिसरा सूर लावायच्या आधी पेटी कुठला ग वाजवतेय ते ऐका.